मूळचं इंजिन

देवूला त्याच्या गाडीबद्दल काही विचारू नये, असा एडवणपासून माकुणसारपर्यंत एक न लिहिलेला नियम होता. टॅक्सीतल्या कुणा नवख्या पॅसेंजरने विचारलंच, तर जाणती माणसं त्याच्याकडे दयेने बघत आणि आपण खिडकीकडे तोंड फिरवून बसत. कारण मग सफाळे स्टेशन येईपर्यंत देवू थांबत नसे. सत्तेचाळीस सालची शेवरलेट, सहा सिलिंडरची, केळव्याला बंगला असलेल्या मुंबईच्या एका बॅरिस्टराची; बॅरिस्टर स्वतः चालवायचा, हातमोजे घालून. आणि मग स्टिअरिंगवरचा एक हात छातीवर ठेवून शेवटचं वाक्य: "बंगल्यातून आणली तशी हाय. इंजिनाचा एक नट बदलला नाय."

गाडी होतीही तशीच. गर्द निळा रंग, फुगीर मडगार्डं, आत सोफ्यासारखी ऐसपैस बैठक. त्या बैठकीवर कायद्याने जेवढी माणसं बसायला हवीत त्याच्या दुप्पट बसत आणि तरी कुणी कुणाच्या कोपरावर रागावत नसे. डिकीत सुक्या बोंबलाच्या पाट्या, टपावर केळव्याकडची विड्याची पानं. लग्नसराईत हीच गाडी धुऊनपुसून नवरीची व्हायची, कधी थेट मासवणपर्यंत जायची. देवू सीटवर धुतलेली चादर अंथरायचा, अत्तर शिंपडायचा, पण बोंबील तो बोंबीलच. किनाऱ्यावरची नवरी सासरी उतरली की तिच्या शालूला मासळीचा वास येई आणि सासरचं माणूस त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. तशी गाडी आता रस्त्यावर दिसत नाही, आणि तो वास चालवून घेणारी सासरंही उरली नाहीत.

देवूचा बाप मासेमारीत मुरलेला माणूस. जायच्या आधी त्याने दोन मुलांच्या वाटण्या चोख करून दिल्या होत्या: थोरल्या देवूला बॅरिस्टराकडून घेतलेली गाडी, धाकट्या नवशाला होडी. देवूला पाण्याची ओढ नव्हती आणि नवशाला जमिनीवर करमत नसे, त्यामुळे कुणी कुरकुर केली नाही. पण पाचेक वर्षांत नवशाने होडी विकून टाकली. का विकली, पैसा कुठे गेला, कुणालाच सांगितलं नाही. गावाचं तोंड काही धरता येत नाही. कुणी म्हणालं, आकड्याच्या जुगारात घालवली. कुणी म्हणालं, दारूत. नवशाने दोन्ही ऐकून घेतलं आणि तो दुसऱ्यांच्या मचव्यावर खलाशी म्हणून जायला लागला.

सगळ्यांत मोठ्याने बोलला तो देवू. सख्खा भाऊ. लग्नात, बारशात, देवळाच्या पायरीवर, जिथे चार माणसं जमतील तिथे त्याचं सुरू व्हायचं. "बापाची होडी खाल्लीस. माजी गाडी बघ. सांभाळली का नाय?" नवशा ओशाळं हसायचा आणि पान थुंकायच्या निमित्ताने उठून जायचा. दहा वर्षं हे असंच चाललं होतं. देवूच्या मनात त्याबद्दल काही पाप होतं असं नाही. त्याला खरंच वाटायचं, की आपण थोरले आहोत, आपण बोललो नाही तर कोण बोलणार.

सदुसष्ट साल उजाडलं. तारापूरकडे अणुवीजघराचं काम जोरात चाललं होतं. बोईसर स्टेशनाबाहेर अमेरिकन साहेबांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या, त्यांच्या मागोमाग नगर-खानदेशकडची कामगार माणसं आली, हॉटेलांत हिंदी ऐकू यायला लागली. आणि त्याच वर्षी देवूच्या घरात पेट्रोल आणि तांदूळ एकत्र नांदेनासे झाले. दोन्हींना एकाच खिशातून पैसा जायचा. हंसाने, म्हणजे देवूच्या बायकोने, एका सकाळी भाकरी थापता थापता विचारलं, "गाडीला पाजताव का पोरांना घालताव, तेवडं सांगा."

बाकीच्या टॅक्सीवाल्यांनी केव्हाच अमेरिकन इंजिनं काढून डिझेलची बसवली होती. देवूने नाकाने कांदे सोलत दोन वर्षं काढली होती, पण आता इलाज नव्हता. आषाढात धंदा तसाही थंड असतो. त्याने ठरवलं, की याच पावसात डिझेल इंजिन टाकून घ्यायचं.

ही बातमी कळली आणि नवशा संध्याकाळी भावाच्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत राहिला.

"दादा, तुजं जुनं इंजिन निगेल ना," तो शेवटी म्हणाला, "ते मला दे."

त्याच्या सासऱ्याची एक शिडाची होडी पडून होती. नवशाने ती दोन महिने खपून नीट केली होती. पण आता मशीनच्या मचव्यांचे दिवस आले होते. शिडावरची होडी किनाऱ्याला लागेतो मुंबईला मासळी नेणारे ट्रक निघून गेलेले असायचे. सासऱ्याने नवशाला सांगून टाकलं होतं, की नारळी पौर्णिमेपर्यंत मशीन बसलं तर होडी तुझी, नाहीतर मी ती विकतो. नवशा बत्तीस वर्षांचा झाला होता. दुसऱ्याच्या मचव्यावर दहा वर्षं काढल्यावर पुन्हा स्वतःची होडी मिळायची ही एकच संधी होती.

दहा वर्षांत नवशाने भावाकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. देवूने ते सुखासुखी दिलं असतं तर तो देवू कसला? त्याने आधी अर्धा तास बापाची होडी काढली. मग म्हणाला, "घे. पण ह्ये बी विकून खाऊ नको." नवशाने मान हलवली. उठताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की देवूलाही बरं वाटलं.

बोईसरला चंद्रभान मिस्त्रीचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. हा नगरकडचा माणूस. पंधरा वर्षं मुंबईच्या गॅरेजांत अमेरिकन इंजिनं चढवण्या-उतरवण्यात घालवून प्रोजेक्टच्या आशेने इथे आला होता. दोघे भाऊ गाडी घेऊन गेले तेव्हा तो एका स्टुलावर बसून शेंगा सोलत होता. देवूने काम सांगितलं, आणि निघणारं इंजिन नवशाच्या होडीला बसवायचंय हेही सांगितलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलंही नाही.

"साल कोणतं?"

"सत्तेचाळीस."

"मग ते होडीला चालायचं नाही." मिस्त्रीने शेंगांची टरफलं फुंकली. "त्या सालच्या इंजिनात पिस्टनच्या दांड्यांना तेल पंपाने जात न्हाई. खाली तेलाचं ताट असतं, दांड्यांना पळ्या असतात. पळी तेलात बुडते, तेल उडवते. सपाट रस्त्यावर लई झकास चालतं. पण होडीत इंजिन बसतं मागे कलतं, त्यात लाटा. तेल सगळं शेपटीकडं जाणार आन् पुढच्या पळ्या कोरड्या फिरणार. तासा-दोन तासांत आतलं शिसं वितळून दांडी बाहेर येईल. भर समुद्रात काय करता मग?"

"आनि पंपाचं असलं तर?" नवशाने विचारलं.

"पंपाचं असलं तर डोळे झाकून बसवून देतो. रॉकेलवर चालवा, खारं पाणी खाईपर्यंत चार-पाच वर्षं काढील. पण ते चोपन्नच्या आसपासचं. दिसायला दोन्ही बहिणी-बहिणी." मिस्त्री देवूकडे वळला. "इंजिन बदललंय का कधी?"

नवशाने भावाकडे पाहिलं. देवूचा हात छातीवर गेला होता.

"बंगल्यातून आणली तशी हाय. एक नट बदलला नाय."

"मग विषय संपला," मिस्त्री म्हणाला. "जाणूनबुजून माणसं बुडवायचं काम मी करत न्हाई."

नवशा गाडीच्या निळ्या बॉनेटकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे मंग," आणि स्टेशनाकडे चालायला लागला. देवूला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्या वाइटाच्या खाली कुठेतरी एक गुदगुलीही होती. आपलं इंजिन इतकं जुनं, इतकं अस्सल आहे हे एका जाणकार मिस्त्रीनेच सांगितलं होतं. रात्री तो बोईसरलाच एका ओळखीच्या ड्रायव्हरकडे झोपला, आणि गाडी वर्कशॉपात राहिली.

सकाळी तो पोचला तेव्हा बॉनेट काढून भिंतीला लावलं होतं आणि मिस्त्री इंजिनाकडे बघत एकटाच हसत होता.

"देवूभाऊ, तुमची मूळ बाई कुठं गेली?"

"म्हंजे?"

"हे सत्तेचाळीसचं न्हाई. इकडं या." त्याने इंजिनाच्या बगलेवरच्या लांब झाकणावर बोट ठेवलं. "आमच्या उस्तादाने शिकवलेली खूण सांगतो. जुनं इंजिन म्हणजे कानापर्यंत पदर घेतलेली बाई. हे झाकण पार वर, प्लगांच्या गळ्यापर्यंत जातं. नवीन इंजिन म्हणजे खांद्यावर पदर. झाकण अर्ध्यावर थांबतं. हे कुठं थांबलंय?"

झाकण अर्ध्यावर थांबलं होतं.

"वरचं झाकणही बघा. जुन्याला मधोमध दोन नट. ह्याला कडेने चार स्क्रू." मिस्त्रीने तारेच्या ब्रशने ठोकळ्यावरचा नंबर घासला, फडक्याने पुसला. "चोपन्नचं. पंपाचं. तुमच्या भावाचं नशीब जोरावर आहे."

देवूला नवशाचं नशीब आठवलंच नाही. त्याचं डोकं तापलं होतं. वीस वर्षांपूर्वीचं बॅरिस्टराचं इंजिन, ज्याला तो रोज फडकं मारायचा, देव्हाऱ्यासारखं जपायचा आणि देव्हाऱ्यासारखंच आत कधी हात घालायचा नाही, ते इंजिन गेलं होतं. आणि गाडी कालची रात्र कुणाच्या ताब्यात होती?

"तूच बदललंस," तो म्हणाला. "राती. माजं अस्सल काढलंस आनि ह्ये घातलंस."

मिस्त्रीचं हसू मावळलं. तो रागीट माणूस नव्हता, पण पंधरा वर्षांत त्याच्यावर चोरीचा आळ कुणी घेतला नव्हता. त्याने देवूच्या हातात पाना दिला.

"खोला. हा इंजिनाच्या पायाचा नट खोला तुम्हीच."

देवूने जोर लावला. नट हलला नाही. गंजाने तो पायाशी एकजीव झाला होता, वर तेल आणि धुळीचा जाड थर.

"रात्रीत इंजिन बदलीन मी," मिस्त्री म्हणाला. "दहा वर्षांचा गंज कुठून आणू?"

मग दोघांनी मिळून रॉकेल सोडून, ठोकून, कसेबसे नट सोडवले. मिस्त्रीने साखळी ओढली, इंजिन हलत हलत वर आलं. पुढच्या पायाखाली काहीतरी काळं चिकटलेलं होतं. मिस्त्रीने ते पेचकसाने उचकटून काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"हे कुणाचं डोकं? इथं रबर बसतं."

बोटभर जाडीची सागाची पट्टी होती. तिला जाळ्याच्या सुताचा घट्ट वेढा दिला होता आणि वरून डांबर पाजलं होतं. गॅरेजवाला कधी असं करत नाही. लाकडाला सूत गुंडाळून डांबर पाजायचं काम होडीवाल्याचं, आणि देवू कितीही गाडीवाला झाला तरी होडीवाल्याचाच मुलगा होता. त्याने वेढे बघितले. ते उलटे होते. सगळं गाव उजवीकडून गुंडाळतं, हे डावीकडून होतं. एडवणात असा वेढा देणारा एकच डावखुरा त्याच्या माहितीत होता. त्या डाव्या हातासाठी धाकट्याने खाल्लेला बापाचा मारही त्याने पाहिला होता.

"गाडी कधी तुमच्या नजरेआड होती का?" मिस्त्रीने हळू आवाजात विचारलं.

कधीच नाय, असं देवूच्या ओठांवर आलं होतं. पण होती. सत्तावन्न साली त्याला विषमज्वर झाला होता. चाळीस दिवस तो पालघरला दवाखान्यात पडून होता, त्यातले वीस तर कुठे आहोत याचीही शुद्ध नव्हती. नेहमीचे पॅसेंजर तुटू नयेत म्हणून त्या दिवसांत गाडी नवशा चालवत होता. आणि होडी त्याने त्याच पावसाळ्यात विकली होती.

देवू तिथल्या एका जुन्या टायरवर बसला. मिस्त्रीने त्याच्यापुढे चहा ठेवला. चहा थंड झाला तरी देवूने तो घेतला नाही. शेवटी उठताना त्याने मिस्त्रीला हात जोडले आणि म्हणाला, "काय बोललो ते मनात ठेऊ नका."

दुपारी तो सफाळ्याला उतरून एस.टी.ने एडवणला आला आणि घरी न जाता सरळ किनाऱ्याकडे गेला. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या. सासऱ्याच्या होडीच्या आडोशाला नवशा जाळं दुरुस्त करत बसला होता. ज्या होडीवर आपल्याला जायला मिळणार नाही तिचंच जाळं तो शिवत होता. देवूने ती काळी पट्टी त्याच्यापुढे ठेवली.

नवशाने पट्टी बघितली. सुई हातातच राहिली.

"तेल बगायचं ऱ्हायलं," तो म्हणाला. "म्हायीत होतं रे, तू सांगितलेलंस. पण शिडाला कुटं तेल लागतं? डोक्यातच येत नसे. पानी भरी, पेट्रोल भरी, आनि निगे. माकुणसारच्या वळनावर आतून ठणठण वाजायला लागलं. मला वाटलं, उतार सरला की ऱ्हाईल."

"मंग?"

"मंग दांडी बाहेर आली."

"आनि ह्ये इंजिन?"

"मुंबैला एक गाडी ठोकरलेली. तिचं. तिकडच्याच मिस्त्र्यानं बसवलं, पुढून बोटभर खाली बसत व्हतं म्हनून पट्टी मी केली." नवशाने पट्टी उचलून हातात धरली. "होडी दिली आनि इंजिन घेतलं. इतकीच गोष्ट हाय."

देवू म्हणाला, "मला सांगितलं का नायस?"

"तुजा ताप उतारला तवा तू पानी नाय मागितलंस. पयलं विचारलंस, गाडी कशी हाय. डॉक्टर बाजूलाच उबा, बोलला, ह्याला धक्का देऊ नका. मी बोललो, बंगल्यातून आणली तशी हाय." नवशा ओशाळं हसला. "मंग तू ते सगल्यांना सांगत सुटलास. माजी सांगायची येळच गेली."

"काल मिस्त्र्याम्होरं तरी बोलायचंस. होडी चालली होती तुजी."

"परक्या मानसाम्होरं तुला खोटा पाडू?"

देवूला आठवलं, की नवशा जेवायला आला की हंसा त्याच्या पानात आधी वाढायची, मासळीचा मधला तुकडा त्याला द्यायची, आणि आपण त्यावरूनही तिला टोमणे मारलेत. म्हणजे तिला ठाऊक होतं. दहा वर्षं आपण ज्याला चोर म्हटलं, त्याच्याच होडीवर आपल्या चुलीवरचा भात शिजत होता, पोरं शाळेत जात होती. देवूला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याला वाटलं, नवशाने उठून दोन कानाखाली द्याव्यात, म्हणजे बरं वाटेल.

"इंजिन पंपाचं हाय," तो म्हणाला. "परवा ट्रकनी येईल. मिस्त्री सोता येतो बसवायला. पुनवेच्या आदी होडी पान्यात जाईल."

नवशाने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो उगाचच जाळ्यातली गाठ शोधत होता.

"चारचौगांत तुला बोललो," देवू म्हणाला. "आता चारचौगांतच सांगतो."

"नको, दादा. मंग लोक इचारतील, इंजिन कोनी जाळलं."

देवूला हसू फुटलं आणि त्या हसण्याबरोबरच रडूही आलं. त्याने उपरण्याने तोंड पुसलं. पलीकडच्या मांडवात पाच-सहा बायका सुके बोंबील निवडत बसल्या होत्या, दोन म्हातारे चिलीम ओढत होते. गावात एखादी गोष्ट पसरवायला एवढी माणसं पुष्कळ होती. देवू तिकडे चालत गेला. नवशा मागून "दादा, दादा" करत होता, पण तो थांबला नाही. बायकांनी हातातले बोंबील तसेच धरून वर बघितलं. याला आता गाडीची कथा सांगायची असेल, असं समजून एक म्हातारा उठायलाही लागला होता.

"आमच्या बापाची होडी नवशानं खाल्ली नाय," देवू म्हणाला. "ती मी खाल्ली. दहा वरसं खातोय."